धामणदऱ्याची अठरा इंची वाट

दि. २ जानेवारी १९७८, सोमवार. सोलापूर.

मी, हिंदुराव ज्ञानबा काशीद, वय वर्षे सदुसष्ट, शिक्षण मराठी चौथी पास, धंदा सेवानिवृत्त वनरक्षक, राहणार सात रस्त्याच्या मागील बाजूस, सोलापूर, सत्य स्मरून लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर असून मजवर कोणाचाही दबाव नाही. राग आहे. राग हा दबाव नव्हे.

नोकरीत असताना बावीस वर्षे मी रोजची दैनंदिनी लिहिली. एकही दिवस चुकविला नाही. सन १९६८ साली लाकडाच्या डेपोत ओंडका घसरून माझे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. त्यानंतर लिहिण्याजोगे काही घडले नाही, सबब लिहिले नाही. आज घडले आहे.

टपालाने शहरातील अपंग मुलांच्या एका वसतिशाळेचे पत्र आले. शाळेचे शिक्षक वेणीमाधव गुरुजी लिहितात की, चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या सहा मुलांना घेऊन ते तारीख २१ रोजी बार्शी तालुक्याच्या उत्तर टोकास, बालाघाटच्या उतारावरील धामणदऱ्याच्या राखीव जंगलात जाणार आहेत. पाणवठ्याजवळ तंबू ठोकून दोन रात्री मुक्काम. आपणांस त्या जंगलाची खडान्‌खडा माहिती असल्याचे कळते, तरी सोबत यावे. येथवर पत्र योग्य आहे. ती माहिती मजइतकी दुसऱ्या कोणास नाही.

परंतु सोबत यादी जोडली आहे. अनुक्रमांक एक ते सहा मुले. अनुक्रमांक सात : काशीद हिंदुराव, अपंग (वृद्ध).

मी त्या जंगलाचा रक्षक होतो. पाच हजार एकर माझ्या शब्दावर उभे होते. मला पोरांच्या शेपटीस बांधून कंसात घातले आहे! उलट टपाली कळविले की अनुक्रमांक सात तात्काळ रद्द करावा.

जाणार नाही, असे मात्र लिहिले नाही. ते नजरचुकीने राहिले.

दि. ५ जानेवारी, गुरुवार.

वेणीमाधव गुरुजी स्वतः आले. वय तिशीच्या आत, चष्मा, आवाज मऊ. मी त्यांना बसा म्हटले नाही. पत्र हातात धरून विचारले, "हे कोणी लिहिले?"

"मी लिहिलं, काका. चूक झाली. तुमचा अपमान करायचा हेतू नव्हता."

"हेतू मी विचारला नाही. कोणी लिहिले ते विचारले."

एवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "अज्जा! आत बसून का भांडालाय? भायेर या की, मला बी ऐकू दे!"

दारातून पाहिले. बारा-तेरा वर्षांची मुलगी चाकाच्या खुर्चीत, मांडीवर बोरांचा पुडा. नाव अनसूया, अक्कलकोटकडील चन्नप्पांची मुलगी. तिकडे आजोबास अज्जा म्हणतात. मी तिला बजावले की मी कोणाचा अज्जा नाही, मला साहेब म्हणावे आणि मी बाहेर येत नसतो.

"का येत न्हाई?"

"घरास तीन पायऱ्या आहेत."

"मी बी त्यासाठीच भायेर हाय," ती म्हणाली. "मग आता कुणी कुणाच्या घरी जायचं?"

यावर गुरुजी हसले. हसण्यासारखे काही नव्हते. सून रुक्मिणीही पदर तोंडास लावून स्वयंपाकघरात गेली.

मुलीने विचारले, जंगलात वाघ आहे काय. मी सांगितले, वाघ नाही. लांडगे आहेत, तरस आहे, मोर आहेत.

"तुमी बघितलाव?"

"बघणारे गावकरी. मी मोजले आहेत."

ती म्हणाली, "पाण्यावर सकाळी मोर येतेत म्हणं, खरं काय? गुरुजी म्हणतेत, जवळ जाऊन बसलं तर दिसतेत. मी आजवर कशाच्या बी जवळ गेली न्हाई, अज्जा. लोकंच माझ्याजवळ येतेत, बघाया."

मी सांगितले की मोर येतात, दिवस उजाडल्यावर, पूर्वेकडील अंजनाच्या झाडाखालून. मी येईन, परंतु मार्गदर्शक म्हणून. गुरुजींनी मान्य केले. नऊ वर्षे ज्या घराच्या पायऱ्या उतरलो नाही, त्या कशा उतरणार हे त्यांनी विचारले नाही. मीही विचारू दिले नाही.

दि. ९ जानेवारी, सोमवार.

वन खात्याच्या कार्यालयाने परवानगीसाठी नवे खूळ काढले आहे. गावापासून पाणवठ्यापर्यंतची वाट चाकाच्या खुर्चीस योग्य असल्याचा जाणकाराचा लेखी दाखला पाहिजे. गुरुजी कागद घेऊन आले. मी एका बैठकीत लिहून दिला : "वाट दोन फर्लांग, जमीन मुरमाड व सपाट, कोणताही अडथळा नाही." सही केली. माझी सही आजही टाकाने काढल्यासारखी येते.

गुरुजी गेल्यावर रुक्मिणी भांडी आवरता आवरता म्हणाली, "मामंजी, त्या वाटंवर तुमी बांधलेलं ते दगडाचं दार हाय न्हवं? त्यातनं खुर्ची जाती का?"

मला संताप आला. ते दार मी बांधले आहे. सन १९५१ साली, खात्याचा एक गवंडी हाताशी घेऊन, चुन्यात. तेव्हा गावचे लोक गाड्या जंगलात घालून रातोरात लाकूड नेत. मी सीमेवर साडेचार फूट उंचीची भिंत घातली, भिंतीच्या आत सहा फुटी चर खणला, चरावर शिळा टाकली आणि शिळेसमोर भिंतीत अठरा इंचांची फट ठेवली. माणूस जातो. बैल जात नाही, गाडी जात नाही. साहेबांनी तपासणीच्या वहीत लाल शाईने 'उत्तम काम' असा शेरा मारला होता. गावकरी तिला 'काशीदाची फट' म्हणत. कोणी कशाही अर्थाने म्हणोत, नाव माझे होते.

रुक्मिणीस म्हणालो, "दार म्हणजे वाट. अडथळा नव्हे. सतरा वर्षांत त्याविषयी एकही लेखी तक्रार नाही."

"तोंडी?" तिने विचारले.

तिचे माहेर केम गावचे. तिकडील माणसांस प्रश्न थांबविता येत नाहीत.

तोंडी तक्रार म्हणावी तर एकच. सन १९५९, पौष महिना. बजाबाई नावाची गावातील बाई छकडा गाडी घेऊन दाराशी आली. गाडीत तिचा दहा वर्षांचा पायाने अधू मुलगा बाळू. पाणवठ्यावर आसरांचे, म्हणजे जलदेवतांचे, ठाणे आहे, तेथे मुलाचा नवस फेडावयाचा म्हणून गाडी आत सोडा, म्हणाली. मोटारीचे मोठे फाटक माझ्या ताब्यात होते, ते उघडता आले असते. उघडले नाही. आज अधू मुलासाठी गाडी सोडली की उद्या सगळ्या गावाची मुले अधू होतात. मी तिला सांगितले की वाट कोणासही बंद नाही, चाकास बंद आहे. ती मुलास पाठकुळी घेऊन फटीतून आत गेली. तेव्हा अडविले असे कोणास म्हणता येणार नाही. त्या दिवशीच्या दैनंदिनीत मी 'नियमाचे पालन झाले' असे लिहिले होते. ते वाक्य मला आजही पाठ आहे.

का पाठ आहे, ठाऊक नाही.

दि. १४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.

दुपारी डोळा लागला असता जाग आली, तो रुक्मिणी सुतळीने माझ्या खुर्चीची रुंदी मोजत होती. मी खुर्चीतच होतो. ओरडलो. ती म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला," आणि सुतळीस दोन गाठी मारून निघून गेली. सणाच्या दिवशी माझे माप घेतले जाते आणि माझ्याच हातावर तिळगूळ ठेवला जातो. चिरंजीव कोंडीबास सांगितले, तर तो गिरणीच्या पाळीला निघता निघता म्हणाला, "आबा, तिचं ऐकत चला थोडं." घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

दि. १७ जानेवारी, मंगळवार.

सुधारित यादी आली. अनुक्रमांक सात : काशीद हिंदुराव, मार्गदर्शक (अपंग).

कंस गेला नाही. फक्त जागा बदलली.

दि. २१ जानेवारी, शनिवार. मुक्काम धामणदरा.

सविस्तर लिहितो.

पहाटे ट्रक आला. पायऱ्यांवरून मला उचलून नेण्यास ड्रायव्हर व गुरुजी पुढे झाले. मी काठी उगारली. तेव्हा रुक्मिणीने माझ्या कॉटखालून एक लांब रुंद फळी ओढून काढली आणि पायऱ्यांवर टाकली. फळी कडांना तासलेली, खाली आडव्या पट्ट्या ठोकलेली. खुर्ची घरंगळत रस्त्यावर आली. मी विचारले, ही फळी केव्हा केली.

"लई दिस झालं. ह्यांनीच करून ठिवली व्हती. तुमी दवाखान्यातनं आला त्याच साली."

नऊ वर्षे मी त्या फळीवर झोपत होतो आणि मला कोणी सांगितले नाही! मी तसे म्हणालोही. ती म्हणाली, "सांगितलं व्हतं, मामंजी. तुमी ताट भिरकावलं व्हतं." असे काही घडल्याचे मला आठवत नाही.

ट्रकमध्ये मुले बार्शीपर्यंत गात होती. अनसूया माझ्या खुर्चीस खुर्ची लावून बसली होती आणि प्रत्येक झाडाचे नाव विचारीत होती. कडुनिंबाचे चार वेळा विचारले. चौथ्या वेळी मी रागावलो तेव्हा म्हणाली, "नाव ठाऊक हाय हो. तुमी सांगताना तुमचा आवाज बदलतोय, म्हणून."

दुपारी सीमेवर पोहोचलो. भिंत तशीच आहे. एक दगड हललेला नाही. मला अभिमान वाटला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. दारावर सध्याचा वनरक्षक मायाप्पा उभा होता. माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने मला सलाम केला, मी स्वीकारला.

मग मी खुर्ची फटीसमोर आणली. चाके दोन्ही बाजूंच्या दगडांना भिडली आणि थांबली.

पुन्हा ढकलली. पुन्हा थांबली.

अनसूया मागून पुढे आली. तिने पिशवीतून सुतळी काढली आणि माझ्या हातात दिली. दोन गाठी होत्या. "तुमच्या सूनबाईंनी दिली. म्हणल्या, अज्जानं दगडाला चाक लावल्यावरच काढ, आधी काढलीस तर तुझ्यावर वरडतील." सुतळी फटीस लावून पाहिली. एक गाठ फटीच्या एका कडेस धरली, तर दुसरी पलीकडे वीतभर दगडावर.

मी दाखला लिहिला होता. कोणताही अडथळा नाही. सही माझी.

गुरुजी म्हणाले, "काही हरकत नाही, एकेकाला उचलून आत नेऊ." मी म्हणालो, मला कोणी उचलणार नाही. अनसूया म्हणाली, "मला उचला, माझी ना न्हाई. पर खुर्ची आत आली न्हाई तर आत जाऊन मी काय करू? ठिवलं तितं बसायचं, धोंड्यागत? मोर पलीकडं आला तर मोराला बोलवायचं काय हिकडं ये म्हणून?"

मायाप्पास विचारले, मोटारीचे फाटक उघड. तो म्हणाला, "ते चार मैल वर हाय, साहेब. त्याच्या पुढचा रस्ता पावसाळ्यात ओढ्यानं खाल्ला. बैलगाडी बी जाईना."

"मग ही फट रुंद कर."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "साहेब, तुमीच शिकवलंय. सरकारी दगडाला हात लावायचा न्हाई. बाप आला तरी."

मी त्यास मूर्ख म्हणालो. नालायक म्हणालो. तो मान खाली घालून उभा राहिला, पण दारातून हलला नाही. त्याला मी चांगला तयार केला आहे.

तेव्हा सीमेलगतच्या पहिल्या घराच्या ओट्यावरून एक म्हातारी हसली. मोठ्याने, कमरेवर हात ठेवून. बजाबाई. एकोणीस वर्षांत केस पांढरे झाले, आवाज तोच.

"काय गार्डसायेब, वाट बंद हाय का?" ती म्हणाली. "तुमीच सांगितलं व्हतं की. वाट कुणालाच बंद न्हाई. चाकाला बंद हाय."

मी खुर्ची फटीपासून मागे घेतली.

"पाठकुळी जावा. माझं पोर गेलं व्हतं. फटीत त्याचं गुडघं दोन्ही अंगानं सोलून निघालं, तुमी तितंच हुबं व्हता, पेन्सलीनं वहीत लिवत. येताना बी तसंच. मोठा झाल्यावर पुण्याला गेला, शिवणकाम करतो. गावाला येतो, पर भिंतीकडं तोंड करून बसत न्हाई."

मला तिचा प्रचंड राग आला. इतक्या माणसांसमोर, मुलांसमोर, खात्याच्या माणसासमोर. म्हणालो, "बाई, नियम होता."

"व्हता की. आता बी हाय. मग का वरडताय?"

ट्रकजवळ मुले चुळबुळ करीत होती. दिवस कलू लागला होता. गुरुजी हळूच म्हणाले की बार्शीस परत जाऊन एखादी धर्मशाळा पाहू. अनसूयाने बोरांचा पुडा गुंडाळून पिशवीत ठेवला. ती रडली नाही. तिला परत जाण्याची सवय आहे, हे मला त्या पुडा गुंडाळण्यावरून कळले, आणि त्याचा राग मला सर्वांत अधिक आला.

मी बजाबाईस म्हणालो, "घरात पहार आहे?"

"हाय. कशाला?"

"मागतो आहे. कशाला ते दिसेल."

"फुकट न्हाई मिळणार," ती म्हणाली. "काय किंमत ती मागनं सांगीन." आणि पहार आणून माझ्या मांडीवर टाकली.

मायाप्पा पुढे आला. "साहेब, हात लावला तर मला पंचनामा करावा लागंल."

"केलाच पाहिजेस! केला नाहीस तर मी तुझी तक्रार करीन."

पहिला घाव घातला तो माझी खुर्चीच हातभर मागे गेली. दुसऱ्या घावास पुन्हा मागे. बसून पहार चालविणाऱ्या माणसास जमीन धरून ठेवीत नाही, हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा अनसूयाने आपली खुर्ची आणून माझ्या खुर्चीच्या पाठीस भिडविली, दोन्ही हातांनी आपली चाके आवळून धरली आणि ओरडली, "हाणा, अज्जा!" तिच्यामागे आणखी दोन मुलांनी खुर्च्या लावल्या. मग घाव लागू लागला. गुरुजींनी पहार मागितली, दिली नाही. सुटलेले दगड मात्र ते व ड्रायव्हर उचलून बाजूस ठेवीत गेले.

बांधकाम चांगले होते. चुना दगडाहून घट्ट झाला होता. त्याचाही राग आला. प्रत्येक दगडास मी शिव्या घातल्या, मुलांसमोर, आणि त्या दगड बांधणारास लागत होत्या हे मला ठाऊक होते.

सूर्य मावळण्यापूर्वी फट बत्तीस इंच झाली. चरावरील शिळा तीन फूट रुंद होती, तिच्यावरून खुर्ची गेली. पलीकडे आणखी एक गोष्ट कळली. वाट सपाट नाही. पाणवठ्यापर्यंत सारखा चढ आहे. सतरा वर्षे त्या दारातून त्या वाटेवर चाललो, चढ मला लागला नाही. पायांनी मला कधी सांगितलेच नाही. दाखल्यात तीही चूक आहे.

सातही खुर्च्या आत आल्या. तंबू लागले. थकलो आहे. हात सोलले आहेत. बजाबाईने किंमत सांगितली, ती उद्या लिहीन.

दि. २२ जानेवारी, रविवार. मुक्काम धामणदरा, पाणवठा.

सकाळी उन्हे आल्यावर मोर आले. अकरा. त्यांत लांडोरी सात. अनसूया पाण्यापासून चाळीस पावलांवर होती, मग तीस, मग वीस. स्वतः चाके फिरवीत, थांबत, फिरवीत गेली. मी सांगितलेल्या झाडाखालून एकही आला नाही. ते झाड कोणी तोडून नेले आहे. मायाप्पास त्याबद्दल खडसावले.

तो पंचनाम्याचा कागद घेऊन बसला होता, तीन ओळींत चार चुका. मी कागद हिसकावून घेतला. माझ्या हातून झालेल्या गुन्ह्याचा पंचनामा अशुद्ध होऊ देणार नाही. येथे बजाबाईची किंमत चुकती केली. ती म्हणाली होती, "आजचं लिवाल तवा त्या दिसाचं बी लिवा. त्याबिगर मी अंगठा देत न्हाई." मी म्हणालो होतो की पंचनाम्यात एकोणीस वर्षांपूर्वीची बाब घालण्याची पद्धत नाही. ती म्हणाली, "मग पहार परत द्या, आन् दगडं जाग्यावर लावा." नक्कल येथे उतरवितो.

पंचनामा. आम्ही खालील पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की :

कलम एक. दिनांक २१ जानेवारी १९७८ रोजी हिंदुराव ज्ञानबा काशीद, माजी वनरक्षक, याने धामणदरा सीमेवरील सरकारी भिंतीचा चौदा इंच रुंदीचा भाग पहारीने पाडला. पाडण्यास कोणी सांगितले नाही. त्याचा खोटा दाखला हे त्याचे कारण होय. दगड मोजून बाजूस रचून ठेवले आहेत. ते पुन्हा त्या जागी बसवू नयेत, असे आरोपीचे म्हणणे आहे.

कलम दोन. सन १९५९, पौष महिन्यात त्याच जागी सदर काशीद याने बजाबाई हिची गाडी अडविली. मोठ्या फाटकाची किल्ली त्याच्या कमरेस होती. तिने दहा वर्षांचा मुलगा पाठीवर घेऊन आत नेला व बाहेर आणला. मुलाचे गुडघे सोलले. काशीद याने ते पाहिले. त्या दिवशीच्या दैनंदिनीत ते लिहिले नाही. आज लिहिले आहे.

वाचून दाखविले. बजाबाईने ऐकले, "व्हय, असंच झालं व्हतं," म्हणाली, आणि अंगठा उठविला.

आरोपी : हिंदुराव ज्ञानबा काशीद. सही केली. कंसात काही नाही.

लिहून घेणार : मायाप्पा, वनरक्षक, धामणदरा.

समक्ष हजर पंच :

१. बजाबाई, वय अंदाजे सत्तर, धंदा मोलमजुरी. डाव्या हाताचा अंगठा.

२. वेणीमाधव गुरुजी, शिक्षक.

३. अनसूया चन्नप्पा, वय वर्षे बारा. वयाने अज्ञान असल्यामुळे तिची साक्ष कायद्याने चालत नाही, हे लिहिणारास पूर्ण ठाऊक आहे. घेतली आहे.

४. बाळू, बजाबाईचा मुलगा, वय वर्षे एकोणतीस, धंदा शिवणकाम, राहणार पुणे. कलम दोनच्या वेळी हजर. आज गैरहजर. त्याच्या सहीसाठी खाली जागा मोकळी सोडली आहे.